‘नुसतं फुकट जेवण घालतात’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

परवा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडला, वरती ते दोन बाण, म्हणजे आधीच गावभर फिरून आलेला, आणि नंतर आठवडाभरात तो मला अजून तीन ग्रुपवर दिसला. मेसेज थोडक्यात असा होता की शीख लोकांच्या समाजसेवेचं उगाच कौतुक चालतं, हे लोक नुसतं फुकट जेवण घालतात, शाळा-शिक्षणाचं काही करत नाहीत, फुकट खायला घालून गरिबाला आळशी करतात, जे करतात ते आपल्याच लोकांसाठी, पैसा सगळा कॅनडा-लंडनचा, आतून धर्मांतराचा डाव, यांच्यातच जातपात भरलीये, आणि आपल्या महाराष्ट्राला यांचा काय उपयोग. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला नाही पटलं. मी नांदेडचा, शीख नाही, घरात पिढ्यान्‌पिढ्या विठोबा आहे, पण लहानपणापासून हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून सायकल हाणत शाळेत गेलोय आणि पुढे बरीच वर्षं शाळेत शिकवलंय. मेसेज टाकणारे काका मला वडिलांच्या जागी, त्यामुळे ग्रुपवर त्यांना चारचौघांत उलटून बोलणं जमलं नाही, पण गप्प बसणं पण जमेना. म्हणून इथे एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय.

‘शाळा-शिक्षणाचं काही करत नाहीत’

हा मुद्दा सगळ्यात पोकळ आहे म्हणून आधी हाच घेतो. आपल्याकडे १८४८ ला पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच पाहिजे. पण १८९२ साली पंजाबात फिरोजपूरला भाई तख्त सिंग नावाच्या माणसाने बायको हरनाम कौर यांना सोबत घेऊन मुलींची शाळा सुरू केली आणि पुढे तिथेच मुलींचं वसतिगृह चालवलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये? त्या काळात पोरीला घराबाहेर राहायला ठेवायचं म्हणजे लोकांच्या जिभेला काय धार असेल विचार करा. त्याच साली अमृतसरला खालसा कॉलेज उभं राहिलं. १९०२ ला चीफ खालसा दिवाण ही संस्था निघाली आणि दोनच वर्षांनी त्यांनी अमृतसरला अनाथाश्रम काढला. १९०७ च्या सुमाराला त्या अनाथाश्रमात दोन पोरके भाऊ आले, त्यातला धाकटा म्हणजे उधम सिंग, ज्याने १९४० ला लंडनमध्ये जाऊन, जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा कारभार बघणाऱ्या मायकेल ओड्वायरला गोळी घातली तोच. त्या पोराला अक्षर आणि हातातलं काम शिकवलं ते याच लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या अनाथाश्रमाने.

ही झाली जुनी गोष्ट, आताची घ्या. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात बडू साहिब म्हणून डोंगरात एक जागा आहे, तिथे १९८६ ला कलगीधर ट्रस्टने अकाल अकादमी सुरू केली, पोरं किती तर पाच. बाबा इक्बाल सिंग हे त्यामागचे माणूस, हिमाचल सरकारच्या शेती खात्यात डायरेक्टर होते, रिटायर झाल्यावर माणूस मुलाबाळांत रमतो, ते डोंगरात जाऊन बसले. आज त्या पाच पोरांच्या शाळेच्या १२५ च्या वर शाळा झाल्यात आणि बहुतेक सगळ्या खेड्यात, पंजाब, हरयाणा, राजस्थान, यूपी अशा भागांत, जिथे बरी इंग्रजी शाळा म्हणजे तासभर बसचा प्रवास. गावातल्याच मुलींना शिकवून तिथेच शिक्षिका केलं जातं. ज्या पंजाबात चिट्ट्याच्या, म्हणजे हेरॉईनच्या, नशेने घरंच्या घरं रिकामी झाली तिथे याच ट्रस्टने व्यसनमुक्ती केंद्रं पण चालवली. २०२२ च्या जानेवारीत बाबांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात ते गेले. या शाळांना फी आहे, सगळं फुकट नाही, ते मी लपवत नाही, पण ‘शिक्षणाचं काही करत नाहीत’ हे वाक्य यानंतर कसं उभं राहतं ते मला सांगा.

‘फुकट खायला घालून आळशी करतात’

काका, तुम्ही सचखंड एक्स्प्रेसने गेलायत ना दिल्लीला? नांदेड ते अमृतसर जाणारी ती गाडी, आपल्याकडे परभणी-जालन्यापासून पुढे दिल्लीपर्यंत वाटेतल्या काही स्टेशनांवर लोक बादल्या घेऊन उभे असतात, गाडी थांबली की खिडकीतून डबे पुढे होतात, कधी कढी-भात, कधी छोले, कधी खिचडी. माहीतगार प्रवासी घरून रिकामा डबा आणि पेला घेऊनच निघतात. त्या गाडीत कोण बसलेलं असतं? नोकरीवर परत निघालेला फौजी, लग्नाला चाललेलं कुटुंब, कामाच्या शोधात निघालेला सुतार. यातला कोण त्या एका डब्याने आळशी झाला?

आणि लॉकडाऊन आठवा. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यात हैदराबादकडून नागपूरकडे जाणाऱ्या हायवेवर माणसांची रांग लागलेली, पाठीवर पोर, हातात पिशवी, पायात फाटकी चप्पल, हॉटेलं-ढाबे सगळे बंद. त्या रस्त्यावर यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्याचं सगळ्यांसाठीचं जेवण, चालू होता, तो बाबा करनैल सिंग खैरा नावाचे ऐंशी उलटलेले सरदारजी चालवत होते. आत जंगलाच्या बाजूला वाई गावाजवळ गुरुद्वारा, त्याचाच हा लंगर. दहा आठवड्यांत २० लाखांच्या आसपास लोक तिथे जेवून गेले असं त्या वेळच्या बातम्यांत छापून आलं. आकडा सोडा, तो रस्ता आठवा. शेकडो किलोमीटर चालत निघालेला माणूस आळशी असतो का? ज्यांनी आपली घरं बांधली, आपले कारखाने चालवले ती माणसं होती ती, आणि त्या भागात त्यांना गरम अन्न मिळालं ते एका म्हाताऱ्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

अजून एक, लंगरला ‘फुकट जेवण’ म्हणणाऱ्याने तो आतून पाहिलेलाच नसतो. पाहुणा आणि वाढपी असा कायमचा भेदच तिथे नाही. आत गेलात की जोडाघरात चपला द्यायच्या, आणि त्या चपला घेणारा माणूस बाहेर कोण असेल याचा नेम नाही, एखादा ट्रान्सपोर्टवाला असतो, एखादा डॉक्टर असतो. मी बारावीत असताना पहिल्यांदा लसूण सोलायला बसलो होतो, माझ्या एका बाजूला ऑटोवाला आणि दुसऱ्या बाजूला लुधियानाहून आलेली एक आजी, तिला मराठी येत नव्हतं आणि मला पंजाबी, पण माझं सोलणं बघून तिने माझ्या हातातली पाकळी काढून घेतली, तळहातावर चोळून साल कशी सुटते ते दाखवलं आणि परत माझ्या हातात दिली. मग पंगतीला बसलो. ‘परशादा जी, परशादा’ म्हणत पोरगं आलं, परशादा म्हणजे पोळी, ती ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढे करून घ्यायची. माझ्या शेजारी एक माणूस बसला होता, अंगावर सिमेंटची धूळ, तो पण तसेच हात पुढे करून बसला होता आणि त्याच्या पलीकडे सोन्याचं कडं घातलेला एक जण, त्याचेही हात तसेच. त्या दिवशी मला पंगत हा शब्द कळला, जो आपल्या मराठीत पण आहे पण आपल्या पंगतीत कोण कुठे बसायचं हे ठरलेलं असायचं.

ही पद्धत गुरू नानकांपासूनची. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातल्या तुपाच्या खिरीचा उल्लेख तर गुरू ग्रंथ साहिबमध्येच आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी नियम घातला, आधी पंगत मग संगत, म्हणजे मला भेटायचंय तर आधी सगळ्यांसोबत खाली बसून जेवा. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानायचे त्या काळात हा नियम. पोटाचा प्रश्न त्यात आहेच, पण शेजारी कोण बसलाय हा प्रश्न त्यात जास्त मोठा आहे.

‘आपल्याच लोकांसाठी करतात’

पिंगलवाडा हे नाव ऐकलंय? पंजाबीत पिंगला म्हणजे आपला पांगळा. अमृतसरला आहे. आपल्याला बाबा आमटेंचं आनंदवन माहितीये, मग भगत पूरन सिंग पण माहीत पाहिजेत.

हा माणूस १९०४ ला लुधियाना जिल्ह्यातल्या राजेवाल गावी हिंदू घरात जन्मला, नाव रामजी दास. पुढे शीख झाला आणि लाहोरला डेरा साहिब गुरुद्वाऱ्यात सेवा करायचा, झाडलोट, भांडी, आलेल्या-गेलेल्या आजाऱ्याचं बघणं. १९३४ ला त्या गुरुद्वाऱ्याच्या दाराशी कोणीतरी एक चार-एक वर्षांचं पोर टाकून गेलं, हातपाय वाकडे, बोलता येत नाही, शी-शूचं भान नाही. पूरन सिंगांनी त्याला उचललं, पिआरा नाव ठेवलं आणि पाठीवर घेतलं. किती वर्षं पाठीवर घेतलं तर चौदा. पोर वाढत गेलं, वजन वाढत गेलं, हा माणूस त्याला पाठीवर घेऊनच लाहोरच्या रस्त्यांवर फिरायचा, त्याला धुवायचा, भरवायचा. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा लोक सोनं-नाणं, कागदपत्रं घेऊन पळत होते, हा पिआराला पाठीवर घेऊन अमृतसरच्या निर्वासित छावणीत आला. खालसा कॉलेजात ती छावणी होती, हजारो लोक, आणि त्यात ज्यांचं कोणीच उरलं नाही असे आजारी, वेडे, लुळे. पूरन सिंगांनी त्यांना जमा केलं, फुटपाथवर, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे ठेवलं, दारोदार जाऊन भिक्षा मागितली. त्यातून पिंगलवाडा उभा राहिला, १९५७ ला रजिस्टर झाला.

तिथे आणून सोडलेल्या माणसाला धर्म विचारता येतच नाही, कारण कित्येकांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. रेल्वे स्टेशनवर सापडलेली मनोरुग्ण बाई, टीबीचा पेशंट, घरच्यांनी नाकारलेला एचआयव्ही झालेला माणूस, पाळण्यात टाकलेली मुलगी. आणि शिक्षणाचं म्हणाल तर अमृतसरजवळ मानांवालाला पिंगलवाड्याचा मोठा परिसर आहे, तिथे मूकबधिर मुलांची शाळा आहे, मतिमंद मुलांची वेगळी शाळा आहे, गरीब घरच्या मुलांना फुकट शिकवणारी मोठी शाळा आहे, आणि कृत्रिम हात-पाय बसवून देणारं केंद्र आहे. पूरन सिंग स्वतः झाडं, पाणी, माती यावर पत्रकं छापून वाटायचे, तीही वाया गेलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, कारण नवा कागद म्हणजे झाड. १९७९ ला त्यांना पद्मश्री मिळाली, १९८४ ला सुवर्ण मंदिरावरच्या लष्करी कारवाईनंतर त्यांनी ती परत केली. १९९२ ला गेले, मग डॉ. इंदरजित कौर यांनी ते काम पुढे नेलं. या माणसाबद्दल लिहायला लागलो की मला थांबता येत नाही, पण थांबतो.

बाकीचं पटकन सांगतो. खालसा एड ही संस्था १९९९ ला इंग्लंडमध्ये रवी सिंग यांनी कोसोवोच्या निर्वासितांची हालत बघून काढली, कोसोवोत शीख कुठून असणार? २०१७ ला तेच लोक बांगलादेशात रोहिंग्यांच्या छावणीत अन्न शिजवत होते, २०१८ ला केरळच्या पुरात कोचीला. दिल्लीत बाला साहिब गुरुद्वाऱ्याच्या आवारात मार्च २०२१ ला १०० खाटांचं डायलिसिस हॉस्पिटल सुरू झालं, त्यात बिलाचा काउंटरच ठेवला नाही. ज्याच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्याला विचारा आठवड्यातून दोन-तीनदा तो खर्च म्हणजे काय असतं, जमीन विकतात लोक.

‘पैसा सगळा कॅनडा-लंडनचा’

परदेशातले शीख पैसे पाठवतात, हो, पाठवतात, आणि का पाठवू नयेत. आपल्या गावचा पोरगा अमेरिकेत गेला तर गावच्या मंदिराच्या सभामंडपाला पैसे पाठवतोच की. पण ‘सगळा’ हा शब्द खोटा आहे. परदेशी देणगी घ्यायला केंद्राची एफसीआरए परवानगी लागते आणि अमृतसरच्या हरिमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्ण मंदिराला, ती मिळाली २०२० च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे त्याच्या आधी रोज ५० हजार आणि सणावाराला लाखभर लोक जेवत होते ते परदेशातून थेट आलेल्या देणगीवर नाही. ते चालत होतं गोलकीत, म्हणजे दानपेटीत, पडणाऱ्या नाण्यानोटांवर, शेतकऱ्याने ट्रॉलीतून आणून ओतलेल्या गव्हावर आणि दसवंधावर. दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा. माझ्या वर्गात एक सरदारांचा मुलगा होता, वडिलांचं स्पेअर पार्टचं छोटं दुकान, त्याच्या घरी गल्ल्याशेजारी एक वेगळा डबा असायचा, संध्याकाळी हिशेब झाला की आधी त्यात पैसे पडायचे आणि मग घरखर्च. ज्या दिवशी धंदा झाला नाही त्या दिवशी पण दहा-वीस रुपये पडायचेच, त्याच्या आईचा तसा दंडकच होता.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र मला पटते आणि ती मेसेजवाल्याने लिहिलीच नाही. जुन्या वास्तू पाडून त्या जागी संगमरवर लावायचा, घुमटावर सोनं चढवायचं, यावर कोट्यवधी जातात, आणि यावर सगळ्यात जास्त चिडून बोलणारे शीखच असतात. त्यांच्यात म्हण आहे, गरीब दा मुंह, गुरू दी गोलक, म्हणजे गुरूची दानपेटी कुठे तर गरिबाच्या तोंडात. ती म्हण तेच एकमेकांना ऐकवतात.

‘धर्मांतराचा डाव’

याला मोठं उत्तर द्यायची गरज नाही. मी चाळीस वर्षं नांदेडला आहे, शेकडो वेळा लंगरात जेवलोय, दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली खेड्यातली पोरं, सगळ्यांना तिथे जेवताना बघितलंय, मला आजवर कोणी नाव विचारलं नाही तर धर्म कुठला. डोकं झाका आणि चपला काढा, एवढंच सांगतात.

‘यांच्यातच जातपात आहे’

हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणून यावर मला नीट लिहायचंय.

गुरूंनी जात मोडली, समाजाने ती पूर्ण सोडली नाही. पंजाबातल्या गावांत आजही कुठे कुठे मजहबी आणि रविदासिया या दलित लोकांचा गुरुद्वारा वेगळा, स्मशान वेगळं. हे लाजिरवाणं आहे आणि विचारी शीख ते मान्य करतात. पण त्याच समाजाने याविरुद्ध काय केलं तेही सांगितलं पाहिजे. १२ ऑक्टोबर १९२० ला दलित समाजातून आलेले शीख कडाह प्रसाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, घेऊन हरिमंदिर साहिबला गेले तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. सोबत प्रोफेसर आणि सुधारक मंडळी होती, ती हटली नाहीत. शेवटी गुरू ग्रंथ साहिब उघडून हुकूम घ्यायचं ठरलं, जे वचन निघालं ते प्रसाद आणणाऱ्यांच्या बाजूचं निघालं, आणि प्रसाद स्वीकारावा लागला. तिथल्याच अकाल तख्ताचे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे, पुजारी जागा सोडून निघून गेले. पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. म्हणजे आज शिखांची जी सगळ्यात मोठी संस्था आहे, शाळा-कॉलेजं-मेडिकल कॉलेज चालवणारी, तिच्या जन्माच्या वेळचा झगडाच दलिताच्या हातचा प्रसाद चालतो की नाही यावरून पेटला होता. आपल्याकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो त्यानंतर दहा वर्षांनी.

आणि आता आमच्या जवळची गोष्ट. शिकलगार माहितीये ना? सिकल म्हणजे हत्याराला चकाकी देणं. गुरूंच्या फौजेची हत्यारं घडवणारे हे लोक, दारोदार फिरत महाराष्ट्रभर पसरले, आता कढया, झारे, विळ्या, पत्र्याच्या पेट्या करतात, कुलुपाच्या किल्ल्या करतात. दाढी-पगडी राखतात, आणि शीख समाजातही कितीतरी वर्षं यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ ला तो कायदा गेला पण आजही एखाद्या चोरीत एखादं पोर सापडलं की पेपरात टोळीला नाव जमातीचंच देतात, आणि मग त्या वस्तीतल्या पोराला शाळेत शेजारी कोणी बसू देत नाही.

आमच्याकडे काही शीख तरुण पोरं, कोणी मोबाइलच्या दुकानात, कोणी बँकेत, गेली काही वर्षं अशाच एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग चालवतात, फी भरतात, वह्या आणतात. मला त्यांनी गणितासाठी बोलावलं. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा एक दहा-अकरा वर्षांची मुलगी भट्टीशेजारी बसून एका हाताने भाता ओढत होती, दुसऱ्या हाताचं बोट पुस्तकावर, आणि सतराचा पाढा म्हणत होती. भाता खाली गेला की सतरा, वर आला की चौतीस. मध्येच वडिलांनी घण उचलला की ती थांबायची, घण ऐरणीवर पडला की पुढचा आकडा. वडिलांनी घाम पुसत मला सांगितलं, ‘सर, इसको ऐरण से दूर ले जाव, बस.’ तिला आधी एका शाळेत ‘कागदपत्रं अपुरी आहेत’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. फिरणाऱ्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून येणार, जातीच्या दाखल्याला कित्येक दशकांपूर्वीचा पुरावा मागतात, आजोबा कुठल्या गावच्या उकिरड्याशेजारी पाल टाकून राहिले होते त्याचा पुरावा कोण देणार. ती बँकेतली दोन पोरं सुट्टी टाकून तहसीलला चार चकरा मारून आली तेव्हा तिचं नाव पटावर लागलं. तर काका, जात आहे, आणि तिच्याशी झगडणारी माणसं पण त्यांच्यातच आहेत, दोन्ही लिहा.

‘आपल्या महाराष्ट्राला काय उपयोग’

गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, जातीने शिंपी म्हणून देवळातून उठवल्याचं दुःख त्यात आहे, आणि आज कुठल्याही गुरुद्वाऱ्यात त्या ग्रंथापुढे भलेभले डोकं टेकवतात म्हणजे आपल्या नरसीच्या नामदेवांच्या शब्दांपुढेही टेकवतात. पंजाबातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे, २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. बंजारा समाज तर आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात तांड्या-तांड्यावर आहे, त्याच समाजातले लखी शाह, ज्यांनी १६७५ ला शिखांचे नववे गुरू तेग बहादूर यांचं शिर नसलेलं शरीर औरंगजेबाच्या पहाऱ्यातून घरी आणलं आणि उघड अंत्यविधी करता येत नाही म्हणून स्वतःचं राहतं घरच पेटवून दिलं. दिल्लीतला रकाबगंज गुरुद्वारा त्या जागेवर आहे, आणि मे २०२१ मध्ये दिल्लीत ऑक्सिजनसाठी लोक तडफडत होते तेव्हा त्याच रकाबगंजच्या आवारात ४०० खाटांचं कोविड केंद्र उभं केलं गेलं.

आणि बाबासाहेब. ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, एप्रिल १९३६ ला ते अमृतसरला शीख मिशनच्या परिषदेला गेले, शीख धर्माचा त्यांनी मनापासून विचार केला होता. ते धर्मांतर झालं नाही, पण १९३७ ला मुंबईत माटुंग्याला खालसा कॉलेज उभं राहिलं, पैसा शिरोमणी कमिटीचा आणि मागे दृष्टी बाबासाहेबांची, मागास समाजातल्या पोरांना उच्च शिक्षण मिळावं म्हणून. पुढे १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली त्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. ते कॉलेज आजही चालू आहे, माटुंगा स्टेशनवर उतरा आणि कोणालाही विचारा. बाबासाहेबांनी धर्म घेतला नाही म्हणून ते कॉलेज बंद पडलं नाही की तिथे आपल्या पोरांना दार लागलं नाही.

हे सगळं मी काल काकांना फोनवर पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये दोनदा ‘हे मला माहीत नव्हतं’ म्हणाले, मेसेज ग्रुपवरून अजून काढलेला नाही. पण पुढच्या महिन्यात ते नांदेडला येणार आहेत, मी त्यांना वर्गावर घेऊन जाणार आहे. ती भाता ओढणारी मुलगी यंदा नववीला आहे. वर्ग रोज संध्याकाळी साडेसहाला भरतो, विज्ञानाला शिकवणारं कोणी नाही, आणि आठवी ते दहावीची सेमी इंग्लिशची जुनी पुस्तकं कोणाकडे पडून असतील तर मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन.